मेस्त आणि पेरूच्या भिंती

कोरगावात परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "बाई, तो डोंगरावरचा जुना गाव बघितलात?" बघितला हो. फोटोही आहेत. पण आमच्या पेरूच्या प्रवासाचे खरे सांगायचे तर ते तुयेच्या एका पडलेल्या भिंतीपासून सांगावे लागेल. एरवी पुढचे काही कळायचे नाही, आणि मला अर्धवट सांगायची सवय नाही.

आमचे हे गवंडी. आमच्याकडे हाताला वजन असलेल्या कारागिराला मेस्त म्हणतात. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत ह्यांना कोणी नावाने हाक मारीत नाही, मीसुद्धा नाही. चाळीस वर्षे ह्यांनी चिऱ्याची, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाची, कामे केली. घरे, विहिरी, तुळशीवृंदावने, काय विचाराल ते. दोन पावसाळ्यांपूर्वी तुयेला एका बाहेरच्या माणसाच्या बंगल्यामागे ह्यांनी बांधलेली, दरडीची माती अडवणारी बारा फुटी भिंत भर दुपारी फुटली. खाली बाबल होता. बाबल म्हणजे नदीपलीकडच्या सातार्ड्याचा, ह्यांचा पंचवीस वर्षांचा जोडीदार. चिरा ह्यांनी बसवायचा आणि सिमेंट त्याने भरायचे, असे ते काम. चिऱ्यांखाली त्याचा उजवा पाय सापडला. जीव वाचला, गुडघा गेला.

त्या दिवसापासून मेस्तांनी थापी हातात धरली नाही. घरात बसवत नाही, बाहेर रमत नाही. जेवता जेवता उठायचे आणि दारात जाऊन उभे राहायचे. कोणी विषय काढला की ठरलेले वाक्य: "पावसान पाडली." आणि सातार्ड्याला एकदाही गेले नाहीत. तांदूळ, नारळ, औषधे घेऊन मी जायची. बाबल दर वेळी विचारायचा, "मेस्त कधी येतले?" मी दर वेळी नवी थाप मारायची. तीस वर्षे शाळेत मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकवलेली बाई मी, आणि सातार्ड्याच्या पडवीत बसून बिनदिक्कत खोटे बोलायची!

आमचा मुलगा बोटीवर असतो. त्याची बोट पेरूच्या बंदराला लागली होती तेव्हा त्याने फोन केला. "आई, इथे दगडाच्या भिंती आहेत. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, तरी कागद शिरत नाही. बाबांना दाखव." तिकिटे त्यानेच काढली. हे कधी नव्हे ते हो म्हणाले. गावच्या देवळात गाऱ्हाणे घातले तेव्हा भगताने सुखरूप ने-आण कर असे देवाला सांगितले. मी मनात वेगळेच सांगितले. म्हटले, दोन वर्षांपूर्वीचा माझा माणूस मला परत दे, बाकी काही नको.

आरेकिपा

मुंबईच्या एका प्रवासी कंपनीबरोबर आम्ही बावीस जण होतो. विमाने किती बदलली ते विचारू नका, पायांचे लाकूड झाले. लिमाला पहिल्याच जेवणात लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे नुस्ते, म्हणजे मासळी, पुढे आले, वर कांदा आणि रताळ्याचा काप. आमच्या गटातल्या अर्ध्या लोकांनी नाके मुरडली. मी खाल्ले. गोव्याच्या माणसाने नुस्त्याला नाही म्हणायचे म्हणजे काय! आपली आमसुलाची कढी सोबत असती तर आणखी घेतले असते.

आरेकिपा हे सगळे पांढऱ्या दगडाचे शहर. मागे ज्वालामुखीचा डोंगर, डोक्यावर थोडे बर्फ. सकाळी हॉटेलात आंघोळीला नळाखाली काही नव्हते, तेव्हा मी खालच्या बाईला हातानेच गोल दाखवत "बालदी, बालदी" म्हटले. ती लगेच बादली घेऊन आली! पोर्तुगिजांनी आपल्याकडे ठेवलेला शब्द स्पॅनिशवाल्यांच्या देशात कामी आला. पावही आपल्या पोदेराच्या, पाववाल्याच्या, भट्टीतल्यासारखा, तीन टोकांचा, बाहेरून कडक. मी दोन खाल्ले. मेस्तांनी एक कुस्करला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

दुपारी दगडाच्या खाणीवर नेले. खाली उतरलो आणि माझ्या तोंडून निघाले, "अगो बाय, ही तर आपली चिऱ्याची खाण!" फक्त चिरा पांढरा. एक म्हातारा कारागीर हातोडा आणि पाचर घेऊन बसला होता. ठोके देत देत त्याने भलामोठा धोंडा सरळ रेषेत उकलला. पाहुण्यांनी एक ठोका मारून बघायचा अशी तिथली रीत. पुण्याच्या एका आजोबांनी मारला, टाळ्या झाल्या. मग त्या म्हाताऱ्याची नजर मेस्तांच्या हातांवर गेली. कारागिराला कारागिराचा हात कळतो. त्याने हातोडा उलटा करून, दांडा पुढे धरून ह्यांना दिला.

"नाका," मेस्त म्हणाले आणि दोन्ही हात मागे बांधले.

"अहो, एक ठोका मारा की! तो मान देतोय तुम्हाला."

"नाका म्हटलंय मां?"

म्हातारा हातोडा धरून थांबला होता. मीच शेवटी तो घेतला, मारला, आणि आपटून घेतला स्वतःचा अंगठा. सगळे हसले, बरे झाले. मेस्त मात्र तोवर बसमध्ये जाऊन बसले होते, आणि बस तर अजून अर्धा तास हलणार नव्हती.

कुस्को

कुस्को इतके उंच की जिना चढताना छाती भात्यासारखी होते. हॉटेलात पोचल्याबरोबर कोकाच्या पानांचा चहा देतात. चव आपल्या रानातल्या काढ्याची. केतकी म्हणून आमच्या कंपनीची मुलगी होती, मुंबईची, शिस्तीची. तिने बजावले, "आज सगळ्यांनी आराम करायचा." सगळे झोपले. आमचे मेस्त खाटेवर बसले, उठले, पुन्हा बसले, बाहेर डोकावायला जनेल उघडले, बंद केले. शेवटी मी म्हटले, "चला बाई फिरायला, इथे माझेच डोके फिरेल."

दुसऱ्या दिवशी रूबेन नावाचा तिथला वाटाड्या आला. तो स्पॅनिशमधून विचार करून इंग्रजी बोलायचा, मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीतून समजून घ्यायची, आणि मेस्तांना आमच्या भाषेत सांगायची. एका गल्लीत बारा कोनांचा दगड आहे. बारा बाजूंनी बारा दगड असे बसवलेत की सुई जायची नाही. गर्दी फोटो काढत होती. मला वाटले, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. मेस्त खाली वाकून भिंतीचे बूड बघत होते.

"काय पडले का तुमचे?"

"नाय गो. रूबेनाक इचार, पाणी खंयसून भायर पडता?"

"अहो, बारा कोन बघा! लोक जगभरातून येतात."

"कोन दिसतत माका. पाणी इचार."

विचारले. पाणी कुठून बाहेर पडते ते रूबेनला ठाऊक नव्हते. शहराच्या वर किल्ला आहे, त्याचे दगड एकेक आमच्या ओसरीएवढे. आमच्याकडे हळर्णच्या किल्ल्याच्या भिंती मी लहानपणी सहलीला पाहिल्या होत्या, त्या ह्या दगडांपुढे खेळण्यातल्या. तिथेही हेच. सगळे माना वर करून उभे आणि आमचे हे खाली. मला इतकी चीड आली! मुलगा एवढा खर्च करतो, मी एवढी आशा लावून बसते, आणि ह्यांना गटारे बघायची आहेत.

रात्रीच्या जेवणाला एक ताट आले, त्यात भाजलेले अख्खे जनावर, उंदरासारखे, दात दाखवणारे. इथला मानाचा पदार्थ म्हणे. केतकीने आमच्यासाठी बटाटे मागवले. बटाटे मात्र असे की काय सांगू! जांभळे, पिवळे, बोटाएवढे. मेस्तांनी दोन खाल्ले आणि उठले.

पिसाक

ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले तो दिवस हा. पिसाकला डोंगरउतारावर शेताच्या पायऱ्या आहेत. एकेक पायरी दगडी भिंतीने धरलेली, वरपासून खालपर्यंत. आमच्या कोकणात काजूच्या बागेला, कुळागराला गडगा असतो ना, बिनचुन्याचा, दगडावर दगड रचलेला, तसेच ते वाटले. फक्त माणसाच्या उंचीचे आणि शेकडो वर्षे उभे.

आमच्याकडे एक रीत आहे. गडग्याचा दगड गुरांनी पाडला आणि तुम्ही त्या वाटेने चाललात, तर बाग कोणाची का असेना, तो उचलून जागेवर ठेवायचा. कोणी कोणाला शिकवीत नाही. शाळेत जाणारी पोरेसुद्धा ठेवतात. तिथे वाटेच्या कडेला एका भिंतीतून फणसाएवढा दगड निखळून पडला होता. रूबेन पुढे काहीतरी सांगत होता. मी मागे वळून बघते तर मेस्त खाली बसलेले. दगड उचलला, फिरवला, पुन्हा फिरवला, तळव्याने खाच पुसली, एक चपटी कपची शोधून खाली सरकवली आणि दगड बसवला. वर दोनदा थाप मारली. ती थाप मी दोन वर्षांत ऐकली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणीच आले.

आणि शिट्टी वाजली. केवढी ती शिट्टी! दोन्ही बाजूंनी टोपीवाले धावत आले. आपल्याकडे राखणदार म्हणजे सीमेवरचा देवचार, दिसत नाही. इथला राखणदार चांगलाच दिसतो. जुन्या बांधकामाला हात लावणे हा तिथे गुन्हा. दगड हलवणे म्हणजे तर विचारूच नका. केतकी पांढरीफटक पडली.

"काका, तुम्हाला कळतंय का काय केलंत? नाव लिहून घेतलं तर उद्या माचू पिचूला आत सोडणार नाहीत. तुम्हालाच नाही, कदाचित कोणालाच नाही!"

आता सगळ्या गटाचे डोळे आमच्याकडे. मेस्त मला म्हणाले, "अगो, पडलेलो दगड पडलेलोच ठेवतत काय हे?" त्यांना खरेच कळत नव्हते. मी रूबेनला सगळे सांगितले: हे गवंडी आहेत, आमच्याकडे असा गडगा असतो, पडलेला दगड ठेवणे ही आमची रीत. रूबेनने ते पहारेकऱ्यांतल्या वयस्क माणसाला सांगितले. त्याचे नाव फाउस्तिनो. उन्हाने रापलेला, गालांत कोकाची पाने. तो सरळ भिंतीशी गेला, दगड हलवून बघितला. हलेना. दोन्ही हातांनी हलवला. हलेना. तो हसला आणि काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो," रूबेनने सांगितले, "त्याच्या गावीही शेताच्या भिंतीला असेच करतात. त्याच्या बापाने त्याला असेच शिकवले. पण ही भिंत सरकारची आहे. दगड जिथे होता तिथे परत ठेवावा लागेल. मग तो नाव लिहिणार नाही."

म्हणजे बसवलेला दगड पुन्हा काढून जमिनीवर टाकायचा! मेस्तांनी माझ्याकडे बघितले, मग दगडाकडे. काढला. होता तसा, त्याच कुशीवर, गवतात ठेवला. मग ते फाउस्तिनोकडे वळले आणि आमच्या भाषेतच, हाताने दाखवत म्हणाले, "पाणी. पाणी खंयसून जाता?"

फाउस्तिनोला भाषांतर लागले नाही. त्याने हाताला धरून मेस्तांना भिंतीच्या बुडाशी नेले. तिथे दगडांमधून पद्धतशीर सोडलेली तोंडे होती. त्याने मातीत बोटाने चित्र काढले: आत सर्वांत खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, मग माती. पावसाचे पाणी मुरते, उतरते आणि ह्या तोंडाने बाहेर पडते. तोंड बुजले तर? असे मी रूबेनकरवी विचारले. फाउस्तिनोने दोन्ही हात पुढे ढकलून भिंत फुटल्याची खूण केली आणि "बुम" म्हटले.

मेस्त होते तिथेच खाली बसले. फाउस्तिनोने पिशवीतून बाटली काढली, मक्याची दारू असावी. आधी थोडी जमिनीवर ओतली, आपण देवचाराला सोरो देतो तशी, आणि मग बाटली ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी घेतली.

ओयांताईतांबो

हे नाव म्हणायला मला दोन दिवस लागले. छोटा दगडी गाव, गल्लीगल्लीतून उघडे पाट वाहतात, दिवसभर पाण्याचा आवाज. संध्याकाळी आम्ही दोघे एका पाटाच्या कडेला बसलो होतो. मी कणसाचे मोठाले दाणे चीजबरोबर खात होते.

"भिंत पावसान नाय पाडली," मेस्त म्हणाले.

"मग?"

"मी पाडलंय." पाटाकडे बघतच बोलत होते. "पाणी जावक मी भोकां ठेवलेली. धन्याक नको होती. पांढऱ्या रंगावर तांबडा पाणी व्हावता, वायट दिसता, तो म्हणालो. मी बरां म्हटलंय आनी बंद केलंय. काम सोडूक व्हया होता. सोडलंय नाय."

मला राग आला, आणि असा आला की कणीस पाटात टाकले. "दोन वर्षे! दोन वर्षे मी बाबलकडे जाऊन थापा मारते, तुमची तब्येत बरी नाही, तुम्ही कामावर आहात, आणि तुम्ही पावसाच्या नावावर घालून मोकळे? त्याचा पाय गेला हो! पावसाने काय तुमचे घोडे मारले होते?"

मी उठले आणि एकटीच हॉटेलात निघून गेले.

माचू पिचू

जगातले सगळ्यात सुंदर ठिकाण मी नवऱ्याशी अबोला धरून पाहिले. ढग वर सरले आणि खाली तो गाव उघडा पडला, हिरव्या डोंगरांच्या मध्ये, छप्परे नसलेली घरे, पायऱ्या, देवळे. सुंदरच आहे, नाही कोण म्हणते! केतकीने काढलेल्या फोटोत आम्ही दोघे आहोत आणि मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा आहे.

मला एका जागी उभे राहवेना. आता ह्यांचा आजार मला लागला होता. वर गेले, खाली आले, पुन्हा वर. राग होता, पण त्याच्याखाली दुसरेच काही टोचत होते. हा माणूस दोन वर्षे ताटावरून उठत होता, आणि मी एकदाही धड विचारले नव्हते की का. पाऊस म्हटले, मी पाऊस धरून चालले. मलाही तेच सोयीचे होते.

एका भिंतीपाशी ते वाकलेले दिसले. बुडाशी बोटभर तोंड होते, त्यातून पाण्याची बारीक धार येत होती. त्याखाली त्यांनी हात धरला होता.

"सातार्ड्याला कधी जाणार?" मी विचारले.

"इमानातसून उतारलंय काय थेट."

"आधी घरी आंघोळ करा. असल्या अवतारात कोणाच्या दारात जायचे नसते."

ते हसले नाहीत, पण सरकून त्यांनी मला जागा केली. आम्ही दोघांनी त्या धारेखाली हात धरले. पाणी बर्फासारखे गार होते.

सातार्डा

परतीचा प्रवास मी सांगत नाही, कारण मेस्तांनी विमानात जितक्या वेळा घड्याळ बघितले तितक्या वेळा तुम्हालाही कंटाळा येईल. आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी स्कूटरने निघालो. नयबागच्या पुलावर ह्यांनी स्कूटर थांबवली. मला वाटले, फिरतात मागे. पण नुसते नदीकडे बघितले आणि पुन्हा चालू केली.

बाबल पडवीत कदेलावर, आपल्या त्या लाकडी खुर्चीवर, बसला होता, काठी बाजूला. ह्यांना बघून उठायला लागला.

"बस, बस," मेस्त म्हणाले, आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहून, चपला न काढता, एका दमात बोलले. "बाबल, भिंत पावसान नाय पाडली. भोकां बंद करूक मीच सांगलंय. माझ्यामुळे तुझो पाय गेलो."

बाबलची बायको चहा आणता आणता दारातच थांबली. बाबलने काठी उचलली, दोन्ही हातांनी जमिनीवर रोवली.

"माका म्हायत असा," तो म्हणाला. "त्या भोकांनी सिमेंट मीच भरलेलंय मां? तुमी सांगलात म्हणान."

मेस्तांनी विचारले, "मग दोन वर्सां बोललंस नाय कित्याक?"

"मी बोलान काय उपेग? तुमी येवक व्हये होतात." बाबलचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचाच होता. "पाय गेलो तेचा दुख्ख असाच. पण पावसाचा नाव घेवन तुमी घरात बसलात, बायेक माझ्याकडे धाडलात, तेचो राग मोठो. आता इलात. चपला काढा आनी भितर येवा."

दर वेळी "मेस्त कधी येतले?" म्हणून तो काय विचारत होता ते मला तेव्हा कळले. आणि माझ्या थापा त्याने गुमान ऐकून घेतल्या होत्या. मला त्याच्याकडे बघवेना. चहा कसा प्यायले आठवत नाही.

निघताना मेस्त अंगणाच्या कडेला थांबले. गडग्याचा एक कोपरा गुरांनी पाडला होता, चार-पाच दगड खाली आले होते. ते खाली बसले, पहिला दगड उचलला आणि कोण जाणे का, एकदा मागे वळून बघितले.

"कोणी शिट्टी मारत नाही," मी म्हटले, "ठेवा."

बाबल काठी टेकत टेकत आला आणि एका दगडावर बसला. "तो न्हय, मेस्त. तो बारको घ्या. आनी खाली पाण्याक वाट ठेवा."

"ठेवतंय," हे म्हणाले.

ह्यांनी हात मागे केला, बाबलने दगड दिला. पुन्हा हात मागे, पुन्हा दगड. पंचवीस वर्षे असेच चालायचे त्यांचे, न बोलता. मला घरी शंभर कामे होती, बॅगा उघडायच्या होत्या, कपडे भिजवायचे होते. मी पडवीच्या पायरीवर टेकले आणि काम संपेपर्यंत उठले नाही.